वाण राखला, कुत्रं सोडलं

महाराष्ट्राला शिवकाळाचं जे वेड लागलं, त्याचं एक टोक पुण्याच्या नारायण पेठेत सापडतं. रायगडावरच्या समाधीच्या दुरवस्थेचा विषय 'केसरी'ने १८९५ साली लावून धरला आणि स्मारकासाठी निधी उभा राहू लागला. दहा वर्षांनी टिळकांनी गायकवाड वाडा विकत घेतला आणि 'केसरी' नारायण पेठेत कायमचा राहायला आला. समाधीचं काम पुढे तडीस गेलं आणि १९३६च्या सुमारास होळकरांच्या देणगीतून समाधीशेजारी वाघ्या कुत्र्याचा पुतळा बसला. महाराजांच्या चितेत उडी घेतलेल्या या कुत्र्याला समकालीन कागदपत्रांत आधार नाही. त्याला घराघरांत पोचवण्यात राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'चा वाटा मोठा. ऑगस्ट २०११मध्ये हा पुतळा हटवण्यात आला आणि थोड्याच दिवसांत परत बसवण्यात आला. जानेवारी २०१७मध्ये नारायण पेठेच्या समोरच्या काठावरून, संभाजी उद्यानातून, खुद्द गडकऱ्यांचा पुतळा मुठेत टाकला गेला. कारण वेगळं, पण नाटक तेच. मार्च २०२५मध्ये वाघ्याचा पुतळा काढावा ही मागणी पुन्हा वर आली. दगडी कुत्र्यासाठी एवढी शाई, एवढा पोलीस बंदोबस्त खर्ची पडला; दख्खनच्या हाडामांसाच्या शिकारी कुत्र्याचं काय झालं, हा प्रश्न मात्र यातल्या कुठल्याच बाजूला पडला नाही. इतिहास म्हणून पाहिलं तर तो प्रश्न वाघ्यापेक्षा मोठा आहे, आणि त्याला पुरावाही आहे.

पुराव्यापासूनच सुरुवात करायची तर मान्यखेटच्या राष्ट्रकूटांपर्यंत मागे जावं लागतं. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग मांडलिक बुतुग यांनी इ.स. ९४९मध्ये तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्या लढाईत मर्दुमकी गाजवलेल्या मनलर नावाच्या वीराला 'माग' म्हटल्यावर त्यानं गाव मागितलं नाही की सोनं मागितलं नाही. त्यानं 'काळी' नावाचं शिकारी कुत्रं मागून घेतलं. पुढे ते एका मोठ्या रानडुकराशी झुंजलं आणि दोघंही मेले. आतकूर गावी देवळापुढे त्या कुत्र्याचा वीरगळ उभारला गेला, त्यावर कुत्रा आणि डुक्कर समोरासमोर कोरले गेले आणि जमीन इनाम दिली गेली. दगडाची पूजा केल्याशिवाय इनाम खाणाऱ्याला पाप लागेल, अशी अटही लेखात घातली आहे. पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी ही अट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: मान दिला तो एका माणसावर जबाबदारी टाकून दिला. त्यानंतर दोनशे वर्षांच्या आत, ११२९च्या सुमारास, कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानं 'मानसोल्लास' रचला. मराठीच्या जुन्या नमुन्यांसाठी आपण त्या ग्रंथाचं नाव घेतो, पण त्यातच 'सारमेयविनोद' नावाचं प्रकरण आहे, म्हणजे कुत्र्यांकरवी शिकार हा राजाच्या करमणुकीचा स्वतंत्र भाग होता. आणि राजापुरतंच हे नव्हतं. जेजुरीचा खंडोबा शिकारीला निघतो, त्याच्या घोड्यापाशी कुत्रं असतं आणि त्याच शिकारीच्या कथेत बाणाई धनगरीण येते. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या ओव्यांतून हे रानातलं जग नोंदवून ठेवलं. देवाच्या पायाशी बसलेलं हे कुत्रं मेंढपाळाच्या वाड्यावरूनच तिथे गेलेलं आहे.

आधुनिक अर्थानं या कुत्र्याची पहिली नोंद पुण्याकडच्या मुलखातच झाली. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारनं दख्खनची मोजदाद करायला कर्नल विल्यम साइक्स याला नेमलं. पिकं, माणसं, पाऊस मोजता मोजता त्यानं प्राणीही टिपले आणि १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ठेवली. त्यात गावठी कुत्र्याच्या प्रकारांत त्यानं एक 'ब्रिंजारी' कुत्रं नोंदवलं आहे. ते इराणी ग्रेहाउंडसारखं दिसतं, पण त्यापेक्षा पुष्कळ ताकदवान आहे, असं तो म्हणतो. ब्रिंजारी म्हणजे आपले लमाण, बंजारे. साइक्सला ते ना सरदाराच्या वाड्यात दिसलं ना इनामदाराच्या ओसरीवर. त्यानं त्याला नाव दिलं ते तांड्याचं. आज ज्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, अंगावर रेशमी झुलपं असली तर पश्मी म्हणतात आणि सीमेपलीकडे मुधोळ म्हणतात, ते हेच घराणं. खोल छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं डोकं, पातळ कातडी. वास घेत नव्हे, तर नजरेनं सावज धरून उघड्या माळावर पळणारं.

या कुत्र्याला गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तीनदा वाऱ्यावर सोडलं गेलं आणि तिन्ही वेळा त्याचं कारण कुत्र्याशी संबंधित नव्हतं. पहिल्यांदा आगगाडीमुळे, दुसऱ्यांदा संस्थानं गेल्यामुळे, तिसऱ्यांदा शिकारबंदीमुळे. चौथी वेळ आत्ता चालू आहे आणि ती कौतुकामुळे आली आहे. वाण वाचवणं आणि कुत्रं वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किंबहुना पहिलीचा उत्साह दुसरीच्या मुळावर येऊ शकतो, असं या इतिहासावरून माझं मत झालं आहे.

आगगाडीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहायचे. १८०३च्या मोहिमेत वेलस्लीचं सैन्यसुद्धा त्यांच्या पुरवठ्यावर विसंबून होतं. शेकडो बैल, उघड्यावरचा मुक्काम, लांडगे आणि चोर: अशा ठिकाणी वेगवान आणि ताकदवान कुत्रं ही चैन नसते. १८५८ साली पुण्याला रूळ पोचले, १८६३ साली बोरघाटातून गाडी धावू लागली आणि पाठीवरची वाहतूक बसत गेली. त्यावर पुढे गुन्हेगार जमातींचा कायदा आला. फिरस्त्या माणसाचं फिरणंच संशयाचं ठरलं. त्याच्याबरोबर फिरणाऱ्या कुत्र्याचं वेगळं काय होणार? तरीही वाण टिकला तो गावकुसाबाहेर स्थिरावलेल्या या लोकांनी आणि आसपासच्या शेतकरी-धनगरांनी त्याला सोडलं नाही म्हणून. त्याला आणखी एक कारण असावं. १८७८च्या शस्त्रास्त्र कायद्यानं बंदूक परवान्याखाली गेली. राष्ट्रीय सभेनं त्याविरुद्ध ठराव केले ते मुख्यतः स्वाभिमानाच्या मुद्द्यावर. पण माळरानाच्या कडेला जोंधळा पेरणाऱ्याला प्रश्न रानडुकराचा होता. बंदूक नसलेल्या शेतकऱ्यापाशी डुकराला उत्तर म्हणून जाळी, हाका आणि कुत्रं एवढंच उरत होतं.

संस्थानांचा अध्याय जास्त चमकदार आहे, म्हणून जास्त सांगितला जातो. मुधोळचे घोरपडे म्हणजे १६४८ साली शहाजीराजांना कैद करणाऱ्या बाजी घोरपड्यांचं घराणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालोजीराव घोरपड्यांनी आपल्या मुलखातली ही कुत्री जमवली, जोपासली, आणि त्यांतली जोडी त्यांनी इंग्लंडच्या राजाला नजर केली असं सांगतात. राजांनी कुत्र्यांसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल; निवड, नोंद आणि नाव हे तिन्ही मुधोळनं दिलं. पण दरबारी आश्रयाचं एक वैशिष्ट्य असतं: तो वाणाला मिळतो, एकेका जनावराला मिळत नाही. पळायला मंदावलेलं, पाय मोडलेलं, म्हातारं झालेलं कुत्रं शिकारखान्याच्या हिशेबात नुसता खर्च असतं. पुण्यातल्या साहेबाचंही वेगळं नव्हतं. 'पूना अँड किरकी हाउंड्स' विलायती कुत्री बाळगून कोल्ह्यांमागे घोडे फेकायचे, आणि पलटणीची बदली झाली की छंदाचीही बदली व्हायची. १९४८ साली दख्खनची संस्थानं विलीन झाली, मुधोळ आधी मुंबई राज्यात आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलं. तनखे राजांना मिळाले. शिकारखान्यातल्या नोकरांना आणि कुत्र्यांना तनखा नव्हता. याही वेळी कुत्रं परत तिथेच गेलं जिथून आलं होतं: झोपडीच्या दाराशी, भाकरी-ताकावर.

तिसरी वेळ सगळ्यात गुंतागुंतीची, कारण तिथे कायदा बरोबर होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची आज जी व्याख्या आहे तीत मारणं आणि सापळा लावणं आहेच, पण जनावर मागे लागून पळवणं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे सशामागे कुत्रं सोडलं एवढ्यानंच गुन्हा पुरा होतो, ससा निसटला तरी. काळवीट, चिंकारा, माळढोक यांची तेव्हाची अवस्था पाहता हे करायलाच हवं होतं, आणि माळरानावर आज जे काही उरलं आहे त्याचं श्रेय या कायद्याला द्यावंच लागतं. प्रश्न पुढचा आहे. त्याच कायद्याच्या जप्तीच्या कलमात सापळा, हत्यार, अवजार, गाडी, नाव यांचा उल्लेख आहे, कुत्र्याचा नाही. शिकाऱ्याची मोटारसायकल सरकारजमा कशी करायची हे अधिकाऱ्याला छापील सापडतं, त्याच्याबरोबरच्या चार कुत्र्यांचं काय करायचं हे सापडत नाही. एका कायद्यानं हजारो कुत्र्यांचा पिढीजात उद्योग गुन्हा ठरवला आणि त्या कुत्र्यांबद्दल एक ओळ लिहिली नाही. लिहिणाऱ्यांना दुष्ट म्हणायचं कारण नाही. त्यांच्या नजरेसमोर राजेरजवाडे आणि कातडी विकणारे व्यापारी होते. दाराशी बांधलेलं कारवान त्यांना दिसलं नसणार.

आक्षेप इथेच येतो आणि तो वजनदार आहे. शिकारी कुत्र्याला वाचवणं म्हणजे शिकार वाचवणं नव्हे का? रेहेकुरीचं काळवीट, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा, नान्नजचा माळढोक, या सगळ्यांना मोकाट कुत्र्यांचा धोका आहे, आणि पळणाऱ्या कारवानाचा तर दुप्पट. हे मान्यच करायला हवं. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष आक्षेपकांच्या उलट बाजूचा आहे. माळावरच्या चिंकाऱ्याला सर्वांत धोकादायक कुत्रं कोणतं? ज्याला मालक नाही आणि पोटाला नाही, पण पाय शाबूत आहेत, ते. सोडून दिलेलं शिकारी कुत्रं म्हणजे कुठलाच कायदा न वाचणारा शिकारी. नसबंदी केलेलं, कुंपणात ठेवलेलं, पट्ट्यावर फिरवलेलं कुत्रं अभयारण्याला काहीच करत नाही. म्हणून वन्यजीवांची कड घेणाऱ्यानंच या कुत्र्याच्या आसऱ्याचा आग्रह आधी धरायला हवा. दुसऱ्या एका आक्षेपाला मी इतकी किंमत देणार नाही: ही कुत्री पारध्यांची, ते सुधारेपर्यंत काही होणार नाही, असा. फासेपारध्याचं मुख्य साधन त्याच्या नावातच आहे, ते फास आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, संशय घेण्याची सवय मात्र गेली नाही. आणि ज्या गरिबांनी हा वाण दोनदा बुडता बुडता राखला, त्यांच्यावरच त्याच्या हालांचं खापर फोडणं इतिहासाला धरून नाही.

आता चौथी वेळ. १९६३ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं मेजर डब्ल्यू. व्ही. सोमण यांचं भारतीय कुत्र्यांवरचं पुस्तक काढलं, तेव्हा हा विषय हौशी मंडळींपुरता होता. ९ जानेवारी २००५ रोजी मुधोळ टपाल तिकिटावर आलं. पुढे मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी पैदास केंद्र झालं, २०१६ साली तिथली पिलं चाचणीसाठी लष्कराच्या मीरतच्या केंद्रात गेली, आणि ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा असं आवाहन करताना मुधोळचं नाव घेतलं. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर चांगलीच आहे. लातूर जिल्ह्यातल्या जानवळसारख्या गावांचं नाव या कुत्र्यांसाठी घेतलं जातं. तिथल्या माणसाला एका वेतातून चार पैसे मिळत असतील तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण मागणी शहरातून आली की कुत्रं शहरात येतं. नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जागी ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत हे जनावर वर्षभराचं होईपर्यंत गोजिरं असतं. त्यानंतर त्याला रोज मोकळ्या जागेत पळायला लागतं, आणि पेठेत मोकळी जागा म्हणजे नदीपात्र. जिन्यात मांजर दिसलं की साखळी हातातून जाते. मालकाला मग लक्षात येतं की त्यानं राष्ट्राभिमान विकत घेतला होता, कुत्रं नव्हे.

सोडून दिलेल्या या कुत्र्याला ओळखणंसुद्धा सोपं नाही, आणि सोडवणुकीच्या कामात इथेच फसगत होते. कारवान धडधाकट असला तरी शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसतात, कंबरेची हाडं जाणवतात. दया येणारा माणूस त्याला उपाशी समजतो, आणि उलट, खरोखर उपाशी असलेल्याला 'ही जातच काटकुळी' म्हणून सोडून दिलं जातं. पाहायचं ते मांड्यांवर आणि कण्याच्या दोन्ही अंगांना: तिथे मांस गच्च असेल तर कुत्रं तयारीचं आहे, तिथे खळगे पडले असतील तर ते संपत चाललं आहे. मान डोक्याएवढीच रुंद, म्हणून साधा पट्टा डोक्यावरून सहज निघून येतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा लागतो. कातडी इतकी पातळ की बाभळीच्या काट्यानंसुद्धा उसवते. अंगात चरबी नावालाच असल्यामुळे ग्रेहाउंड वर्गातल्या कुत्र्यांना बार्बिट्युरेट गटातली भूल लवकर उतरत नाही, प्रसंगी जिवावर बेतते. नसबंदीच्या टेबलावर 'गावठी' म्हणून आलेल्या कारवानाच्या बाबतीत डॉक्टरला हे कुणीतरी सांगावं लागतं.

रस्त्यावर लाखो गावठी कुत्री असताना याच एका देखण्या जातीचा कळवळा का, असं विचारलं जातं. विचारणं रास्त आहे. उत्तर असं की रस्त्यावरचं कुत्रं रस्त्याला सरावलेलं असतं, त्याची नसबंदी आणि लस यांची व्यवस्था २००१च्या नियमांपासून कागदावर तरी आहे. शिकारी कुत्रं माणसानं एका कामासाठी घडवलं आणि ते काम माणसानंच काढून घेतलं. इथे कर्ज आपल्या नावावर आहे. जगात इतरत्रही हा हिशेब असाच उशिरा झाला. मकावचा कुत्र्यांच्या शर्यतींचा अड्डा जुलै २०१८मध्ये बंद झाला तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड तिथे तसेच मागे राहिले होते. सरकारला ते ताब्यात घ्यावे लागले आणि प्राणिमित्र संस्थांनी त्यांना देशोदेशी घरं शोधून दिली. ते जमलं, कारण प्रत्येक कुत्र्याची नोंद होती, संख्या माहीत होती, मालक माहीत होता. स्पेनमध्ये हंगाम संपला की गाल्गो टाकून देण्याची रीत कुप्रसिद्ध आहे. तिथे २०२३ साली प्राणिकल्याणाचा नवा कायदा झाला तो शिकारी कुत्र्यांना वगळून, शिकारीच्या मतपेट्यांचा मान राखून. आपल्याकडे शिकाऱ्यांची अशी मतपेटी नाही, शिकार बेकायदा आहे. म्हणजे स्पेनला जे राजकारणापायी करता आलं नाही ते आपल्याला सहज करता यावं. आपल्याकडे कुत्रं वगळलं गेलं ते केवळ विसरल्यामुळे.

शेवटचा आक्षेप पैदासकारांचा: नियम कडक केले, नसबंदी केली, तर वाणच बुडेल. भीती खोटी नाही, पण इतिहास तिला साथ देत नाही. वाण बुडण्याची वेळ ज्या ज्या वेळी आली त्या त्या वेळी कारण पैदाशीचा अभाव हे नव्हतं, कुत्र्याला जबाबदार माणूस उरला नव्हता हे होतं. २०१७च्या पैदास नियमांनी व्यावसायिक पैदासकाराला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी आणि कुत्र्यांना मायक्रोचिप सक्तीची केली आहे. ते पाळलं गेलं तर सोडलेलं कारवान कुणाच्या वेतातलं आणि कुणाला विकलेलं, हे मिनिटात कळेल. मात्र कळल्यावर पुढे काय, तिथे गाडी अडते. प्राण्याचे भुकेनं किंवा तहानेनं हाल होतील अशा तऱ्हेनं त्याला सोडून देणं १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तो वाढवण्याचा मसुदा केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२२मध्ये लोकांपुढे हरकतींसाठी ठेवला. त्याचा कायदा अजून झालेला नाही. वाण राखण्यासाठी सरकारी केंद्र आहे, टपाल तिकीट आहे, भाषण आहे. आतकूरच्या इनामदाराला निदान पापाचं भय घातलेलं होतं. आजच्या मालकाला पन्नास रुपयांचं आहे, आणि तेही कुणी तक्रार नोंदवून घेतली तर.